मोडीत की जपणुकीत?

परवा माळा आवरताना आजीचा पितळी अडकित्ता सापडला. मोडीत द्यावा की जपावा, यावरून घरात दोन तट पडले. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात वस्तूला १०० वर्षांची, महत्त्वाच्या हस्तलिखिताला ७५ वर्षांची अट आहे. आमचा अडकित्ता जेमतेम सत्तरीचा. म्हणजे नुसताच जुना! पण पुण्याच्या दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून घरगुती दिवे, अडकित्ते गोळा केले. शंभरी भरण्याची वाट पाहत बसले असते, तर त्यांतले कितीतरी भट्टीत वितळले असते. कायदा वय मोजतो, भंगारवाला वजन. वस्तू कोणाच्या हातातली, हे मात्र घरच्यांनीच सांगायला हवे. मी अडकित्त्याला आजीच्या नावाची चिठ्ठी बांधून ठेवली आहे.