हेडला सर्टिफिकेट, ट्रॉलीचं काय?

वसमत : तालुक्यातील गुंज गावच्या मजूर महिला ४ एप्रिल २०२५ रोजी सकाळी शेतकामाला निघाल्या होत्या. नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात त्यांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत कोसळला. सात जणींचा जीव गेला. सरकारची मदत जाहीर झाली, चार दिवस चर्चा झाली. ट्रॉलीवर मात्र फारसं कुणी बोललं नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ वा नियम असा, की गाडीचं नवं मॉडेल विकण्याआधी कंपनीने त्याचा नमुना सरकारमान्य संस्थेकडे तपासायला द्यायचा. पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई, ट्रॅक्टरसाठी मध्य प्रदेशातलं बुदनीचं केंद्र. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, सगळं बघूनच सर्टिफिकेट मिळतं. म्हणजे शोरूममधून येणारं हेड तपासलेलं असतं. १९९३ च्या दुरुस्तीत मात्र या नियमातून ट्रेलर चक्क वगळले होते. पुढे ट्रॉलीसाठीही मानकं आली, पण गावाकडे ट्रॉली बनते वेल्डिंगच्या दुकानात. अँगल, पत्रा अन् जुना एक्सल. ब्रेक बहुतेकींना नसतोच. भरल्या ट्रॉलीचं सगळं वजन उतारावर एकट्या हेडच्या ब्रेकवर येतं.

कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं कलम १८२ अ सांगतं, नियमात न बसणारं वाहन विकणाऱ्या निर्मात्याला वा डीलरला एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख दंड, किंवा दोन्ही. कागदावर वेल्डिंगवालाही यात येतो. पण दुकानात जाऊन बघतंय कोण?

आता खरी गोष्ट. आलेगावात विहीर होती. तिथे ट्रॉलीला सर्टिफिकेट असतं तरी ती वाचवू शकली नसती. माणसं ट्रॉलीत बसवायचीच नाहीत, ती मालासाठी आहे, हा नियम जुनाच. अपघात झाला की विमा कंपनी नेमकं तिथेच बोट ठेवते. पण हळद काढणीच्या दिवसांत भल्या सकाळी शिवारात कोणती एसटी जाते? जीपचं भाडं गुत्त्यात कुणी धरत नाही. ना शेतकरी, ना मुकादम. मग बाया ट्रॉलीत बसतात.

हळद निघाली की तीच ट्रॉली उसाला जुंपली जाते. ट्रॉलीचं पासिंग हेडपेक्षा वेगळं असतं, नंबरही वेगळा. मालकाने आरसी काढून बघावी, त्यात ट्रॉली आहे का. पिनला साखळी आणि मागे लाल रिफ्लेक्टर बसवायला आरटीओची वाट बघायची गरज नाही.