मोजणीबाहेरची माणसे

ज्यांचे बालपण रोह्यात गेले, त्या चिंतामणराव देशमुखांनी इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे अध्यक्षपद दीर्घकाळ भूषविले. ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी तरतूदही नाही, हे त्यांच्या तालुक्याला तरी निराळे सांगावयास नको.

२०११च्या जनगणनेत ‘इतर’ हा लिंगपर्याय प्रथमच आला. देशात ४,८७,८०३, तर महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची तशी नोंद झाली. मुख्य तक्त्यांत मात्र त्यांची गणना पुरुषांतच केली गेली. समलिंगी व्यक्तींविषयी तर प्रश्नच नव्हता. पुढे २०१४ व २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही वर्गांचे हक्क मान्य केले.

आता पाहण्या ऑनलाइन होऊ लागल्या आहेत. परक्या प्रगणकासमोर जे बोलवत नाही ते एकांतात नोंदविता येईल, हा त्यांचा मोठा गुण. परंतु पेण-रोह्याच्या घराघरांतून कुटुंबप्रमुखाच्याच मोबाइलवर साऱ्यांची उत्तरे भरली जाणार असतील, तर तो एकांत उरतो कोठे?

म्हणून लिंगओळख आणि लैंगिक कल यांविषयी स्वतंत्र प्रश्न असावेत, उत्तर ज्याचे त्याने द्यावे, न देण्याचीही मुभा असावी आणि गुप्ततेची हमी मिळावी. ‘अशी माणसे आमच्या गावात नाहीत’ असे म्हणणाऱ्यांना एकच विचारावेसे वाटते : आपण त्यांना कधी विचारले होते काय?