पाण्याचा तळ

होळीच्या सुटीस आमचा पुतण्या चंद्रपुरास आला, तो एक नवेच वेड बरोबर घेऊन. नोकरीनिमित्त तो मंगळुरास असतो. तेथून उत्तरेस थोड्या अंतरावर मुल्की म्हणून गाव आहे. शांभवी नदी तेथे समुद्रास मिळते, आणि गेली वीसेक वर्षे तेथे सर्फिंग, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याची विद्या, शिकविली जाते. उबदार पाणी, गोव्यासारखी गर्दी नाही, आणि शिकाऊ माणसास झेपतील अशा लाटा! रात्री जेवणे आटोपल्यावर त्याने हे वर्णन आरंभताच घरातील झाडून सारी मुले त्याच्याभोवती जमली, आणि आमच्या मातोश्री आतून येऊन म्हणाल्या, "पाण्याशी खेळ कशाला रे? जमिनीवरचे खेळ सगळे संपले का?"

धाकट्या मुलीने विचारले, "दादा, आपल्याकडे अशी जागा कुठे आहे?" सगळे हसले. हसण्याजोगेच होते म्हणा. चंद्रपुराहून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेसहाशे किलोमीटरांच्या पलीकडे. बंगालचा उपसागर त्या मानाने जवळ, तरी साडेचारशेच्या घरात. आमचे पाणीही तिकडेच जाते. चपराळ्याच्या रानाजवळ वर्धा आणि वैनगंगा एक होऊन प्राणहिता होते, ती सिरोंच्यापाशी गोदावरीस मिळते, आणि आमच्या अंगणातला पाऊस मुंबईस न जाता आंध्राच्या किनाऱ्यास लागतो.

परंतु आमचे कुतूहल निराळे होते. एवढ्या लांबलचक किनाऱ्यावर चांगली जागा ओळखावयाची कशी? त्यावर तो जे बोलला ते आम्हांस फार मोलाचे वाटले. पहिल्या दिवशी शिक्षकाने त्यास पाण्यात उतरूच दिले नाही. तासभर वाळूवर बसवून नुसते पाहावयास लावले. लाट फुटते ती वाऱ्याच्या लहरीने नव्हे, तर खालच्या तळामुळे. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापटीवर आली, की लाटेचा माथा पुढे कोसळतो. म्हणून लाट जेथे नेमाने फुटते तेथे खाली वाळूचा बांध आहे असे समजावे. हे बांध पावसाळ्यात जागा बदलतात. गेल्या वर्षीची उत्तम जागा यंदा उत्तम असेलच असे नाही. आणि दोन फुटत्या लाटांच्या मध्ये जो गुळगुळीत, काळसर पट्टा दिसतो, नवख्या माणसास जो सर्वांत निर्धोक वाटतो, तोच सर्वांत घातकी. किनाऱ्यावर चढलेले पाणी त्या घळीतून परत समुद्राकडे धावत असते. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत येऊ नये. किनाऱ्यास समांतर, आडवे पोहून बाहेर पडावे.

तळाचे हे माहात्म्य नदीलाही लागू आहे. म्यूनिक शहरात आइसबाख नावाचा एक ओढा आहे. त्यात एके ठिकाणी लाट कायम उभी राहत असे, आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेले ते लोक वर्षानुवर्षे तिच्यावर स्वार होत. 2025 सालच्या शरद ऋतूत ओढ्याचा तळ साफ करण्यात आला, आणि पुन्हा पाणी सोडले तेव्हा लाट उठेचना!

हे ऐकताना आम्हांस आमचे बालपण आठवले. अकरा वर्षांचे असताना, घरी न सांगता, बल्लारपूरच्या किल्ल्याखाली आम्ही वर्धेत उतरलो होतो. पाणी गुडघ्याएवढे, तळाची रेती स्वच्छ दिसत होती. आणखी दोन पावले टाकली आणि पायाखालचा तळच नाहीसा झाला. ज्या ढिवराने केसांस धरून आम्हांस ओढून काढले, तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "इथं पानी कारं दिसते, दिसलं नाही का तुले?" घरी मात्र यथास्थित मार मिळाला आणि नदीकडे फिरकण्याची कायमची बंदी झाली. पाणी काळे दिसण्याचा अर्थ कोणी सांगितला नाही. खरे सांगावयाचे तर आमच्या पुस्तकांनी भरलेल्या घरात तो कोणास ठाऊकच नव्हता, आणि ढिवरवाड्यात जाऊन विचारण्याची आमच्याकडे रीत नव्हती.

ही बंदी कितपत उपयोगी पडते? 2025 च्या मे महिन्यात व्याहाड खुर्दजवळ वैनगंगेत पोहावयास उतरलेले वैद्यकशास्त्राचे तीन विद्यार्थी बुडाले. वैशाखातील ओसरलेली नदी होती ती. पुराला सगळेच भितात. उन्हाळ्याची नदी निरुपद्रवी वाटते, आणि मुलांना घरून मिळालेली बंदी वयाच्या अठराव्या वर्षी आपोआप संपते.

मग आम्हीही, उशिरा का होईना, चौकशी केली. वळणाच्या बाहेरच्या अंगास धार काठ कापीत जाते, तेथे डोह. आतल्या अंगास रेती साचते, तेथे उतार. परंतु रेतीची ही कड खालच्या बाजूस एकदम तुटलेली असते, आमचा पाय तेथेच गेला होता. खडकाच्या खालच्या अंगास भोवरा. संगमाचे पुण्य काठावरूनच घ्यावे, कारण दोन धारांच्या मध्ये गाळ आणि ओढ दोन्ही असतात. जेथे रेतीचा उपसा झाला असेल, तेथे कालच्या माहितीवर आज विसंबू नये. वैनगंगेवर आणखी एक गोष्ट: वर गोसीखुर्द धरण आहे. तेथून पाणी सोडले, तर आपल्याकडे आभाळ निरभ्र असतानाही नदी चढते. ताडोब्याच्या तळ्यात मगरी आहेत, तेव्हा तो प्रश्नच नाही.

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सारे मार्कंड्यास गेलो. मुलांस पोहण्याचे पहिले धडे द्यावयाचे, हा आमचा बेत. मातोश्री देवदर्शनाच्या निमित्ताने, खरे म्हणजे पहारा करण्यासाठी, बरोबर आल्या. वैनगंगा तेथे उत्तरवाहिनी आहे. काठच्या एका वृद्ध ढिवरास पुतण्याने रीतसर मानधन देऊन गुरू केले. म्हाताऱ्याने मुलांस प्रथम अर्धा तास रेतीवर बसविले आणि कोठे पाणी नाचते, कोठे गप्प आहे, हे प्रत्येकाकडून, मुलींकडूनसुद्धा, वदवून घेतले. पुतण्या आमच्याकडे पाहून हसला. मग म्हाताऱ्याने स्वतः छातीएवढ्या पाण्यापर्यंत जाऊन पायांनी तळ चाचपला आणि परत येता येता, कमरेएवढ्या पाण्यात, चार बांबू रोवून हद्द आखली.

मातोश्री छत्री उघडून काठाशी बसल्या होत्या. बराच वेळ पाण्याकडे टक लावून त्यांनी हाक मारली, "दादा, तो पलीकडचा बांबू आणखी हातभर अलीकडे घ्या. तिथे पाणी काळे दिसते."

म्हाताऱ्याने पाहिले, आणि बांबू उपटून हातभर अलीकडे रोवला.