भाडे उशिरा येते, कारण पगार उशिरा येतो

१/ दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात समाजमाध्यमांवर एक सल्ला हटकून फिरतो : भाडे थकवणाऱ्या भाडेकरूला वठणीवर कसे आणावे. रोजचा दंड लावा, पाणी तोडा, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप समूहावर नाव टाका, कुलूप बदला. शेवटी ठरलेले वाक्य येते : ‘पूर्वी असली थेरे चालत नसत, कायद्याने भाडेकरू माजवले.’ माझे भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे. थ्रेड लांबणार आहे, आधीच क्षमस्व.

२/ ‘पूर्वी’ म्हणजे नेमके केव्हा? महाराष्ट्रात भाडेकरूंचे सर्वात मोठे जग गिरणगावात होते. परळ, लालबाग, वरळी, नायगावच्या चाळी, दहा बाय बाराच्या खोल्या, आणि महिन्याच्या महिन्याला जिना चढून येणारा मालकाचा मेहता. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. तिच्यानुसार ९७ टक्के कामगार कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. तेव्हा ‘पूर्वी’ची परीक्षा घ्यायची तर इथेच घेतली पाहिजे.

३/ या कुटुंबांचे भाडे वेळेवर येत असे का? त्याआधी दुसरा प्रश्न विचारू : पगार वेळेवर येत असे का? मुंबईच्या गिरण्यांत पगार मासिक असे आणि तो पुढच्या महिन्याच्या साधारण १० ते १५ तारखेच्या दरम्यान हाती पडे. म्हणजे १ जूनला कामाला लागलेल्या कामगाराला जूनची कमाई जुलैच्या मध्यावर मिळे. पहिले सहा आठवडे तो राबे आणि उधारीवर जेवे. पूर्वसूचना न देता काम सोडले तर अडकवून ठेवलेला हा पगार जप्तही होई. मालक वर्गाने कामगाराकडून घेतलेले हे बिनव्याजी कर्जच होते. त्याला मात्र ‘थकबाकी’ कुणी म्हटले नाही.

४/ खोलीचे भाडे महिना उलटताच देय होई. खिशात पैसे नसलेला माणूस काय करील? एक तर मेहत्याला ‘पगार झाला की देतो’ म्हणेल, नाहीतर सावकाराकडे जाईल. गिरणगावात सावकारीचा सर्रास चालणारा दर होता महिन्याला रुपयामागे एक आणा. हिशेब करून पाहा. समजा भाडे पाच रुपये. ते वेळेवर देण्यासाठी कर्ज काढले, तर महिन्याला पाच आणे व्याज. वर्षभर मुद्दल फिटले नाही तर तीन रुपये बारा आणे, म्हणजे शेकडा ७५.

५/ ज्या ‘वेळेवर भाडे देणाऱ्या’ भाडेकरूच्या आठवणीने आज गहिवरून येते, त्याच्या वक्तशीरपणाची किंमत अशी होती. त्याच पाहणीत जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात आढळली. दंड तेव्हाही भरला जात होताच, फक्त तो घरमालकाऐवजी सावकाराच्या वहीत जमा होत होता.

६/ हे त्या काळी गुपित नव्हते. १९२९ मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगाने, म्हणजे व्हिटली आयोगाने, १९३१ च्या अहवालात पगाराच्या दिरंगाईचा आणि कर्जबाजारीपणाचा संबंध मांडला. त्यातून १९३६ चा वेतन प्रदान कायदा आला. एक हजारांहून कमी कामगार असतील तिथे पगार ७ तारखेच्या आत, इतरत्र १० तारखेच्या आत. कामगारांसाठी हा विजय होता. पण नीट पाहा : मोठ्या गिरणीतला कामगार कायदा काटेकोर पाळला गेला तरी १ तारखेला भाडे देऊ शकत नव्हता. उशीर खुद्द कायद्यातच लिहिलेला होता.

७/ आता संपाची गोष्ट. १९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिल ते ऑक्टोबर चालला. दीड लाखांच्या आसपास कामगार सहा महिने बिनपगारी. इतके दिवस शहर कसे तगले? राजनारायण चंदावरकरांनी गिरणगावाचा जो अभ्यास केला, त्यात या तगण्यामागचे जाळे दिसते : वाणी, खानावळ, मुकादम, गाव आणि घरमालक. वाण्याने उधार दिले, मेहत्याने भाडे लांबवले. यात भूतदया कमी आणि व्यवहार जास्त होता, हे मान्य. सगळी चाळ संपावर असताना एकाला काढून आत आणणार कुणाला? दुसराही संपावरच. पण त्या व्यवहारात एक शहाणपण होते. न देणारा आणि आज देऊ न शकणारा, हा भेद त्या मेहत्याला कळत होता.

८/ नेमका हाच भेद कायद्याने उचलला. इथे ‘स्वातंत्र्यानंतर समाजवादी सरकारांनी वाट लावली’ असे म्हणणाऱ्यांची निराशा होईल. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा घ्या. व्हिक्टोरियाच्या राज्यातला, मालमत्तेचे पावित्र्य मानणारा. त्याचे ११४ वे कलम सांगते की भाडे थकल्यामुळे घर सोडवून घेण्याचा दावा असेल आणि भाडेकरूने सुनावणीच्या वेळी थकबाकी, व्याज आणि दाव्याचा खर्च भरला, तर न्यायालय त्याला घरात राहू देऊ शकते. मालकाला हवे ते पैसे. ते व्याजासह मिळाले तर घर हिरावण्याचे कारण उरते काय, असा त्यामागचा विचार.

९/ मग १९१८ चा युद्धकालीन भाडेनियंत्रण कायदा, १९३९ चा कायदा आणि शेवटी प्रसिद्ध १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा. त्याचे १२ वे कलम अनेकदा दुरुस्त झाले, पण गाभा दीर्घकाळ असा राहिला : लेखी मागणी केल्याशिवाय आणि त्यावर एक महिना उलटल्याशिवाय दावा नाही. भाड्याच्या रकमेविषयी वाद नसेल, सहा महिने वा अधिक थकले असतील आणि नोटिशीनंतरही महिनाभरात भरले नसेल, तर मात्र घर खाली करण्याचा हुकूम. याला ‘माजवणे’ म्हणायचे असेल तर म्हणा. मला त्यात गिरणीच्या पगाराचे वेळापत्रक आणि संपाची लांबी दोन्ही दिसतात.

१०/ शिवाय पाणी-वीज तोडण्याला १९४७ च्या कायद्यानेही मनाई होती आणि १९९९ च्या कायद्यानेही आहे. पहिल्या पोस्टमधले ‘उपाय’ पुन्हा वाचा. नळ बंद करणे हा उपाय नव्हे, तो गुन्हा आहे.

११/ घरमालकांची बाजू? आहे, आणि ती भक्कम आहे. मुंबईतले प्रमाणित भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले गेले आणि तिथेच गोठले. चहाच्या किमतीत खोली, आणि त्या पैशात छप्पर शाकारायचे, ही थट्टाच होती. चाळी खचल्या. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा आणून इमारतींवर उपकर बसवावा लागला. मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानेही ही गोठवणूक कालबाह्य आणि अन्याय्य ठरली असल्याचे म्हटले. हा अन्याय मी नाकारत नाही. पण तो भाड्याच्या रकमेचा अन्याय होता, तारखेचा नव्हे. दोन्हींची सरमिसळ करून भाडेकरूला ‘बुडवा’ ठरवणे ही लबाडी आहे.

१२/ उलट गोठलेल्या भाड्याने एक विचित्र प्रकार जन्माला घातला. भाडे किरकोळ आणि जागा सोन्याची, म्हटल्यावर मालकाला भाडे नकोच असे. हवी असे थकबाकी! म्हणून भाडे घ्यायलाच नकार. भाडेकरू मनीऑर्डर धाडी, ती ‘स्वीकारली नाही’ असा शेरा घेऊन परत येई. जुन्या चाळींतल्या कुटुंबांनी ते परतलेले फॉर्म जन्मदाखल्यांइतके जपले, ते याचसाठी. उशीर करणारा भाडेकरू काही वेळा असा घडवलाही जातो.

१३/ १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप फसला, नोकऱ्या गेल्या, गिरण्या गेल्या. खोल्या मात्र पुष्कळांच्या राहिल्या. आजच्या सल्लागारांना हवा तसा ‘पंधरा दिवसांत बाहेर’ हा नियम तेव्हा असता, तर त्या वर्षीच्या शिमग्यापर्यंत गिरणगाव रिकामे झाले असते. हे अर्थात माझे अनुमान. पण कल्पना करून पाहा.

१४/ आणि आज? ३१ मार्च २००० पासून लागू असलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या १५ व्या कलमात लेखी मागणीनंतर ९० दिवस, दावा झाल्यास समन्सनंतर पुन्हा ९० दिवस, आणि थकबाकीवर द.सा.द.शे. १५ व्याज अशी रचना आहे. मालकाचे पैसे बुडू नयेत आणि माणूसही रस्त्यावर येऊ नये, अशी ही सोय आहे. शंभर वर्षांच्या भांडणातून ती आली आहे.

१५/ पण तरुण वाचकहो, तुम्ही-आम्ही त्या कलमात बसतच नाही. आपण लिव्ह अँड लायसन्सवाले. कायद्याच्या भाषेत आपण भाडेकरूच नव्हे, परवानगीने राहणारे. अकरा महिने, आगाऊ अनामत रक्कम, आणि मुदत संपून राहिलो तर २४ व्या कलमाखाली सक्षम प्राधिकाऱ्याकडून बाहेर काढण्याचा हुकूम, तोवर दुप्पट शुल्क. मालकाच्या हाती काही महिन्यांचे पैसे आधीच आहेत. तरी ओरड अशी, जणू पेशवाई लुटली गेली.

१६/ थोडे स्वतःविषयी. मी पुण्यात भाड्याने राहतो. माझी अधिछात्रवृत्ती कधी दोन, कधी तीन महिन्यांनी एकदम येते. ती देणाऱ्या कार्यालयाला कुणी रोजचा दंड लावत नाही. माझ्या घरमालकीणबाई निवृत्त परिचारिका आहेत. या भाड्यातून त्यांची औषधे येतात, तेव्हा माझा उशीर त्यांना खरोखर लागतो. त्यांचा मुलगा मला असलेच ‘वठणीचे’ लेख पाठवत असे.

१७/ यंदा करार नव्याने करताना मी बाईंना सगळे कागद दाखवले : पैसे कधी जमा होतात, किती उशिरा होतात. त्या म्हणाल्या, “अरे, मग पाच तारीख लिहायचीच कशाला?” आता करारात २० तारीख आहे. उशीर होणार असेल तर आधी लेखी कळवायचे, अनामत रकमेतून एक महिना वळता करून घ्यायचा, आणि रक्कम आली की ती भरून काढायची. पावती त्या हाताने लिहितात, तारीखवार. मागच्या महिन्याची पावती १९ तारखेची आहे.