देव्हाऱ्यातला गायक

‘स्टेजवर चढलास, मग पूजेचा त्रास कसला?’ कर्ट कोबेनबद्दल हा प्रश्न अजून विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला तो बिनतोड वाटतो. निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ १९९१ मध्ये आला. त्यातलं ‘पॉली’ हे गाणं बलात्काराविरुद्धचं, पण अत्याचाऱ्याच्या तोंडी घातलेलं. पुढे दोघांनी एका मुलीवर बलात्कार करताना तेच गाणं म्हटलं. १९९२ च्या ‘इन्सेस्टिसाइड’सोबतच्या टिपणात कोबेननं हे लिहिलं आणि चाहत्यांना बजावलं: समलिंगी माणसं, वेगळ्या वर्णाचे लोक किंवा स्त्रिया यांचा द्वेष करत असाल तर आमच्या कार्यक्रमाला येऊ नका, रेकॉर्डही घेऊ नका.

दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणाऱ्याला नखरेल म्हणायचं? कीर्ती मिळवून वर कुरकुरणारे गायक पुष्कळ आहेत, त्यांची वकिली मी करणार नाही. पण गाणं तोंडपाठ असणाऱ्यांनीच ते ऐकलेलं नसावं, यानं कुणाचंही डोकं फिरेल. भक्तांना मूर्ती आवडते, कारण ती काही मागत नाही. हा माणूस मागत होता. एप्रिल १९९४ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, त्यानं आत्महत्या केली. आता त्याचा चेहरा टी-शर्टवर मिळतो. टिपणातल्या अटी कुणी विचारत नाही.