जमिनीचा मोबदला आणि शेअरबाजार

डोंबिवलीच्या पूर्वेस निळजे, घेसर, काटई, खोणी या बाजूला गेल्या पिढीपर्यंत भाताचीं खाचरें होतीं. आज तेथें रुंद रस्ते व उंच इमारती उभ्या आहेत. जी जमीन गेली तिचा मोबदला शेतकऱ्यांच्या घरांत एकरकमी आला, आणि ठाणें जिल्ह्यांत रस्ते व रेल्वे यांसाठीं तो अद्यापहि येत आहे. ही रक्कम शेअरबाजारांत घालावी काय, असा प्रश्न आमच्या बांधवांपुढें आहे. आमचें मत असें कीं, बाजार कशानें हालतो हें समजल्यावांचून जमिनीचा पैसा त्यांत घालूं नये. आणि समजल्यावरहि सर्वच्या सर्व घालूं नये.

बाजार हालविणारे वारे मुख्यतः तीन. पहिला संगणक-कंपन्यांच्या नफ्याचा. टाटा कन्सल्टन्सी, इन्फोसिस यांसारख्या कंपन्या दर तिमाहीस आपला हिशेब जाहीर करतात. त्यांचें निम्म्याच्या आसपास उत्पन्न उत्तर अमेरिकेंतून येतें. तेथील व्यापाऱ्यांनीं हात आखडला कीं येथील शेअर उतरतो. २०२२ सालीं सेन्सेक्स वर्षअखेर थोडा वरच होता, परंतु या कंपन्यांचा निर्देशांक सुमारें एक चतुर्थांशानें खालीं आला. डोंबिवलीकरांनीं हें विशेष ध्यानांत धरावें, कारण येथील पुष्कळ मुलगे व सुना ऐरोली-महापे येथील संगणक कचेऱ्यांत नोकरीस जातात. घराचा पगार ज्या धंद्यावर, घराचें भांडवलहि त्याच धंद्यांत ठेवणें म्हणजे सारें आवण एकाच सखल खाचरांत लावणें होय. पूर आला तर मागें कांहीं उरत नाहीं.

दुसरा वारा व्याजाचा. दहा वर्षांनीं फळ देणारी आमराई व यंदाच पिकणारें भात यांची तुलना करावी. व्याज स्वस्त असतां माणूस आमराईला चांगली किंमत देतो. व्याज महाग झालें कीं दूरच्या फळासाठीं थांबणें परवडत नाहीं आणि आमराईचें मोल उतरतें. ज्या कंपन्यांचा नफा पुढें यावयाचा आहे, त्यांच्या शेअरांचें असेंच होतें. रिझर्व्ह बँकेनें मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळांत रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला, व २०२५ सालीं टप्प्याटप्प्यानें डिसेंबरपर्यंत ५.२५ टक्क्यांवर आणला. असा प्रत्येक फेरा कर्जदार, ठेवीदार व शेअरधारक या तिघांनाहि लागतो.

तिसरा वारा सरकारच्या इंधनविषयक धोरणाचा. १ जुलै २०२२ रोजीं तेलाच्या निर्यातीवर व देशांतील कच्च्या तेलावर जादा कर बसला, आणि त्याच दिवशीं रिलायन्सचा शेअर सुमारें सात टक्के घसरला. ऊस-बागाईतदारांना दुसरें उदाहरण अधिक जवळचें वाटेल. ७ डिसेंबर २०२३ रोजीं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास त्या हंगामापुरती मनाई झाली व साखर-कंपन्यांचे शेअर कोसळले. पुढें आठवड्याभरांत कांहीं सवलत मिळाली, आणि ऑगस्ट २०२४ मध्यें नव्या हंगामासाठीं निर्बंध उठले. ऊस तोच, कारखाना तोच. एका हुकुमानें मोल बदललें.

हा प्रकार नवा नाहीं. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें, तेथील कापूस विलायतेस जाईना, आणि मुंबईंत आपल्या कापसाचे भाव गगनाला भिडले. तो पैसा बॅकबे भरणीसारख्या कंपन्यांच्या शेअरांत ओतला गेला. १८६५ सालीं युद्ध थांबलें, कापूस उतरला व मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या.

यावर कोणी म्हणेल कीं, ठेवींतला पैसा महागाई खाते, आणि १९७८-७९ सालीं १०० धरलेला सेन्सेक्स सप्टेंबर २०२४ मध्यें ८५,००० च्या वर गेला. हें खरें आहे व आम्हीं तें नाकारीत नाहीं. परंतु तो लाभ थांबूं शकणाऱ्याचा. जानेवारी २००८ मध्यें २१,००० ला पोंचलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्यें ८,००० च्या घरांत आला, व पूर्वपदास येण्यास २०१० चें वर्षअखेर उजाडलें. ज्याला मधल्या काळांत मुलीचें लग्न किंवा आजारपण निभवावयाचें होतें, त्यानें पडत्या भावांतच विकलें असेल. नोकरदाराचें नुकसान पुढील पगार भरून काढील. जमीन गेलेल्याला दुसरें पीक नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी. मोबदला हातीं येतांच प्रथम कर्ज फेडावें. मग मुरबाड-शहापूरकडे किंवा अन्यत्र, सात-बारा नीट तपासून, थोडी तरी जमीन घ्यावी. दोन-तीन वर्षांचा घरखर्च ठेवींत ठेवावा. मात्र एका बँकेंतील ठेवीस पांच लाखांपर्यंतच विम्याचें संरक्षण असल्यानें ती रक्कम वेगवेगळ्या बँकांत विभागावी. यानंतर जें उरेल, व दहा वर्षें ज्याची गरज पडणार नाहीं, तेवढेंच शेअरांत घालावें. तेंहि दरमहा थोडें थोडें, अनेक धंद्यांत वांटलेल्या निर्देशांक-फंडांतून. वायद्याच्या व ऑप्शनच्या व्यवहारांस तर शिवूंच नये. सेबीनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें, त्यांत उतरलेल्या दर शंभर व्यक्तींपैकीं ९३ जणांना तीन वर्षांत तोटाच झाला.

शेवटीं एक विनंती. मोबदल्याच्या रकमेचा निर्णय एकट्या कर्त्यानें किंवा एकट्या मुलानें करूं नये. सात-बाऱ्यावर ज्यांचीं नांवें होतीं त्या बहिणींसह सर्वांनीं एकत्र बसून तो करावा, आणि कोणता पैसा कशासाठीं राखला हें कागदावर लिहून ठेवावें. जमीन विकतांना सर्वांच्या सह्या लागल्या होत्या. पैसा गुंतवितांनाहि सर्वांची संमति असावी.