गळती शोधण्याची मजुरी

शिरूर तालुक्यात पाऊस तसा बेताचाच. लोणावळ्यात वर्षाला ४००० मिलिमीटरच्या वर कोसळतो, तर कारेगाव-रांजणगाव पट्ट्यात ५०० च्या आसपास. तरीही परतीच्या पावसाने एक रात्र झोडपली की सकाळी पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरच्या गॅरेजांसमोर चारही दारं उघडून, मॅट बॉनेटवर वाळत घातलेल्या गाड्या उभ्या दिसतात. यात नवल काही नाही. इथली गाडी वर्षातले आठ-नऊ महिने धूळ खाते आणि एमआयडीसीच्या उघड्या पार्किंगमध्ये पाळीभर उन्हात तापते. दारांचं रबर कडक होतं. सावली मिळालीच तर ती चिंचेची किंवा बाभळीची, आणि त्यांची बारीक पानं वायपरखालच्या जाळीतून आत जाऊन बसतात. मग तासाभरात पडलेल्या पाण्याने जायचं कुठून?

अशा गाडीवर आपण काय करतो? मिस्त्री सिलिकॉनची ट्यूब आणतो, काचेच्या कडेने एक रेघ ओढतो आणि गाडी सोडतो. पुढच्या पावसात गाडी परत येते. तेव्हा रेघ जाड होते, एवढाच फरक.

गाडी म्हणजे बंद डबा नाही, हे आपल्याला माहीत असतं. पण ट्यूब हातात आली की विसरायला होतं. दाराच्या काचेलगतची बाहेरची पट्टी सगळं पाणी अडवतच नाही. ते दाराच्या पोकळीत उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. सनरूफच्या भोवती पन्हाळ असते आणि तिच्या कोपऱ्यांतून निघालेल्या नळ्या खांबांच्या आतून खाली जातात. वायपरखालच्या पाण्यालाही दोन्ही बाजूंना वाट ठेवलेली असते. कौलारू घराची पन्हाळ तुंबली तर आपण कौलं चिकटवत बसत नाही. गाडीत मात्र नेमकं तेच करतो. दाराच्या तळाची भोकं 'इथून पाणी येतं' म्हणून बुजवलेली गाडी अनेकांनी पाहिली असेल. त्या दारात पाणी साठतं, पत्रा आतून कुजतो आणि पातळी वाढली की पाणी केबिनमध्येच येतं. दाराच्या पॅडमागचा प्लॅस्टिकचा पडदा स्पीकर बसवताना फाडला गेला असेल, तर तेवढंही थांबावं लागत नाही.

म्हणून आधी शोध. तोही पाणी पावसाचंच आहे का, इथपासून. डाव्या सीटच्या पायाशी स्वच्छ पाणी असेल आणि ते कोरड्या दिवशीही एसी लावल्यावर वाढत असेल, तर एसीची ड्रेन नळी तुंबलेली आहे. पाणी रंगीत आणि चिकट असेल, गोडसर वास येत असेल आणि पुढच्या काचेवर आतून तेलकट वाफ धरत असेल, तर तो कूलंट आहे, हीटर तपासा. मग मालकाला विचारा: गाडी उभी असताना पाणी येतं की चालताना? वॉशिंग सेंटरला नेल्यावर येतं का? घरी गाडी उतारावर लावता का, आणि तोंड कुठल्या बाजूला असतं? नाक वर असलेल्या गाडीत पाणी मागे धावतं. त्यामुळे मागच्या सीटखाली भिजलं म्हणजे गळती मागेच, असं धरून चालू नका. उंबरठ्यालगत वायरिंग जातं, त्याच खाचेतून पाणी पुढून मागे येतं.

कारपेट वरून हाताला कोरडं लागतं, पण खालचा फोम पाणी धरून असतो. तेव्हा उंबरठ्याची पट्टी काढून कारपेट उचला आणि सगळं पुसून कोरडं करा. ओल्या गाडीत नवी धार कुठून आली ते कळत नाही. नंतर एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून पाइप धरायचा. प्रेशर वॉशर नको. तो चांगल्या रबरातूनही पाणी घुसवतो आणि नसलेली गळती दाखवतो. साध्या धारेने खालून सुरुवात करा. एका जागी काही मिनिटं धार ठेवा आणि मगच वर सरका. वरून ओतलं तर पाणी सगळीकडे पसरतं आणि वाट ओळखू येत नाही. दाराचं रबर तपासायला कागदाची पट्टी पुरते: दार लावल्यावर ती सहज ओढली गेली तर तिथे दाब नाही. तरीही सापडलं नाही तर बाहेरची हवा आत घेणारी बाजू चालू करून ब्लोअर पूर्ण सोडा, काचा बंद करा आणि बाहेरून साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले की जागा कळते.

याला तास-दोन तास जातात, आणि खरी अडचण तीच आहे. गिऱ्हाईक ट्यूबचे पैसे देतं, शोधाचे देत नाही, कारण आपण ते कधी मागितलेच नाहीत. कारेगावला लागूनच रांजणगावात २०१७ पासून जीप कंपास तयार होते. मोटारीच्या कारखान्यात गाडी बाहेर काढण्यापूर्वी शॉवरखाली घालून पाहणं हे ठरलेलं काम असतं. त्याला जागा, माणसं आणि वेळ नेमून दिलेला असतो. त्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर आपण तीच तपासणी मगभर पाण्यात उरकतो. म्हणून आमचं म्हणणं असं: बिलावर 'गळती शोधणे' ही वेगळी ओळ घाला, तिचा दर तासावर ठेवा आणि काम सुरू करण्याआधी मालकाला सांगा. दोन गिऱ्हाइकं जातील, जाऊ द्या.

दुरुस्ती बहुतेक वेळा सोपी निघते. सनरूफच्या नळीत मात्र कॉम्प्रेसरची हवा जोरात सोडू नका. खांबाच्या आत नळी जोडातून निसटली तर काम दुप्पट होतं. ग्रास कटरची नायलॉन दोरी हळूच आत सारली की कचरा सुटतो. टेललॅम्प किंवा अँटेना काढलीच तर गॅस्केट नवं बसवा. पुढच्या काचेवर सिलिकॉन मुळीच नको. ती काच पॉलियुरेथेनने चिकटवलेली असते आणि सिलिकॉनचा थर राहिलेल्या जागी ते नंतर धरत नाही. गाडी उलटली तर छताला आधार देण्यात त्या काचेचा वाटा असतो, आणि अनेक गाड्यांत डावीकडची एअरबॅग फुगताना तिच्यावरच टेकते. हा मामला निव्वळ ओल्या मॅटचा नाही.

ओल्या कारपेटखाली पिवळे कनेक्टर असतील तर ते एअरबॅगचे. बॅटरी काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय त्यांना हात लावू नये. इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी वायर दिसली तर प्रशिक्षण नसलेल्याने तिथेच थांबावं. फोम बाहेर काढूनच वाळवा. वरून हीटर फिरवून कुबट वास जात नाही.

कारपेट परत बसवण्याआधी पुन्हा पाइप लावा, आणि या वेळी आत मालकाला बसवा. दोन तास घालवूनही गळती सापडली नाही, तर? आमच्या मते वेळेचे पैसे तरीही घ्यावेत, पण कुठे कुठे पाणी मारलं, काय कोरडं निघालं, हे बिलाच्या मागे लिहून द्यावं. म्हणजे गाडी पुन्हा आली, तुमच्याकडे किंवा शेजारच्या गॅरेजात, तर पुढचा माणूस त्याच्या पुढून सुरुवात करील.